काळी, पांढरी आणि गेरू : शिरूर-दौंड परिसरातील घरांच्या अंतर्भागातील रंगयोजना

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रातील जुन्या घरांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष विशेषेकरून वाड्यांच्या मांडणीकडे, तुळया व खांबांवरील कोरीवकामाकडे आणि दगड-विटांच्या बांधणीकडे गेलेले दिसते. घराच्या आतील भिंतींना कोणता रंग होता, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. याचे कारण उघड आहे. दगड आणि लाकूड टिकते. रंग वर्षास दिला जातो आणि नव्या हाताखाली जुना नाहीसा होतो. तथापि घरात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीसमोर आयुष्यभर असते ती भिंतच. म्हणून गृहजीवनाच्या इतिहासात तिला गौण स्थान देणे योग्य होणार नाही.

नव्याने स्वतःचे घर करणाऱ्या कुटुंबापुढे आज जो प्रश्न उभा राहतो तो असा : कोणत्या खोलीस कोणता रंग द्यावा, आणि सर्व खोल्या मिळून घर एकसंध कसे दिसावे? हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे असा समज आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील घरांचा इतिहास पाहिला असता मात्र निराळे चित्र दिसते. या प्रदेशात रंगांची जुळणी दीर्घकाळ होती, परंतु ती कोणी निवडलेली नव्हती. माती, पाणी, उजेड आणि घरातील स्त्रियांचे हात यांच्या मर्यादांतून ती आपोआप सिद्ध होत असे. त्या मर्यादा सुटल्या तेव्हा निवड हाती आली आणि जुळणी हातची गेली. हा पालट कसा झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घोड नदीच्या काठचे शिरूर, ज्यास लोक घोडनदी या नावानेही ओळखतात, हे पुणे-नगर रस्त्यावरील गाव आहे. भीमेच्या काठचे दौंड हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन असून त्याचा परिसर पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे. दोन्ही तालुके अवर्षणप्रवण आहेत. पावसाच्या या तुटीमुळे येथे कौलारू घरांबरोबर मातीच्या सपाट छपरांची, म्हणजे धाब्याची किंवा माळवदाची, घरे बांधली गेली. रंगयोजनेचा विचार करताना ही भौगोलिक पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे.

२. काळी आणि पांढरी

मराठी मुलखात गावाच्या जमिनीची विभागणी दोन रंगांनी होते. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. वतनाच्या कागदपत्रांत आणि लोकव्यवहारात हे शब्द रूढ होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांस ते परिचित आहेत. सामान्यतः या शब्दांकडे महसुलाच्या दृष्टीने पाहिले जाते. परंतु त्यांच्या मुळाशी गृहबांधणीचाही एक अनुभव आहे.

काळी माती पाण्याने फुगते व वाळताना आकसून तिला भेगा पडतात. तिचा गिलावा भिंतीवर टिकत नाही. पांढरी माती गावठाणात साठलेली असते. पिढ्यान्पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलीची राख आणि वस्तीचा इतर अवशेष मिळून ती तयार होते. ती भेगाळत नाही, उजळ दिसते आणि भिंतीस घट्ट धरून राहते. म्हणून धाब्यावर पसरण्यास, भिंत लिंपण्यास आणि वरून पोचारा देण्यास हीच माती घेतली जाई. याचा अर्थ असा की नव्या घराची भिंत जुन्या घरांच्या मातीने सारवली जात असे. नवे घर गावातील इतर घरांशी रंगाने जुळे, कारण ते त्याच घरांच्या मातीतून उठलेले असे.

वस्तीच्या या परंपरेची प्राचीनता शिरूर तालुक्यातच दिसून आली आहे. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या कार्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची १३० हून अधिक घरे उजेडात आली. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास सुरू झालेली ही वस्ती सुमारे ९०० वर्षे टिकली. घरे मातीची व कुडाची होती. प्रारंभी ती चौकोनी व प्रशस्त होती, तर अखेरच्या काळात लहान व गोल झोपड्या दिसू लागतात. तेथील जोर्वे पद्धतीच्या मडक्यांवर तांबड्या पृष्ठावर काळ्या रेषांची नक्षी आहे. मडके भट्टीत भाजले जाते म्हणून त्याचा रंग तीन हजार वर्षे राहतो. भिंत भाजली जात नाही. गृहरंगाच्या इतिहासातील साधनांची अडचण या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावी.

पांढऱ्या मातीस जोड होती ती गेरू, काव आणि पिवडी यांची. गेरू व काव तांबडी, पिवडी पिवळी. ही सर्व लोहयुक्त मातीचीच रूपे आहेत. पिवडी भाजली असता तिच्यातील पाण्याचा अंश जाऊन ती तांबूस होते. गेरू आणि पिवडी एकमेकींच्या शेजारी विसंगत दिसत नाहीत, यात कोणाची अभिरुची कारणीभूत नाही. दोन्ही रंग एकाच धातूचे आहेत. त्यांत शेणाच्या सारवणाचा हिरवट करडा रंग आणि तेल दिलेल्या लाकडाचा काळसर रंग मिळाला की घराची रंगसंगती पूर्ण होई. चार-पाच रंगांपलीकडे काही उपलब्धच नव्हते. आणि जे होते ते सर्व एका कुळातले होते.

३. खोली, उजेड आणि हात

धाब्याच्या घरात उजेड दारातून आणि छपरातील झरोक्यातून येतो. भिंती जाड, खिडक्या थोड्या. अशा घरात सोप्यापासून माजघरापर्यंत उजेड पायरीपायरीने कमी होत जातो. म्हणून भिंतीचा वरचा भाग पांढरा ठेवणे ही गरज होती. खालच्या दोन-तीन फुटांस माणसांची पाठ, गुरांचे अंग आणि सारवणाचे शिंतोडे लागतात. तेथे गेरूचा अथवा शेणमातीचा गडद पट्टा असे. कोनाड्यात दिव्याची काजळी धरते, म्हणून त्याची कड गेरूने रेखली जाई. देवघराच्या भिंतीवर श्रावणात जिवती आणि नागपंचमीस नाग काढला जाई. चूल आणि तिच्यामागील भिंत यांवर रोज पोतेरे फिरे. प्रत्येक रंगास असे कामावरून ठरलेले स्थान होते. तरीही पांढरी भूमी सर्व खोल्यांतून अखंड चाललेली असल्यामुळे घर तुकड्यातुकड्यांचे भासत नसे.

हे काम वर्षाच्या चक्राशी बांधलेले होते. पावसाने भिंती ओलावतात, गिलावा सुटतो. पाऊस सरल्यावर आड-विहिरींना पाणी असते आणि ऊनही पडू लागते. लिंपण्यास आणि वाळण्यास दसरा-दिवाळीपूर्वीचा काळ सोयीचा ठरतो तो यामुळे. सणाची शुचिता आणि मातीच्या भिंतीची देखभाल या दोन गोष्टी येथे एकत्र येतात. दुसरा प्रसंग लग्नाचा. लग्नघराची दर्शनी भिंत पांढरी करून तीवर हत्ती, पोपट, भालदार-चोपदार काढण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. नवी सून घरात येते ती नुकत्याच सारवलेल्या घरात, आणि पुढल्या दिवाळीस त्याच भिंतीवर तिचा हात फिरू लागतो. सासूने जो पट्टा ज्या उंचीवर ओढला तोच सुनेने ओढावयाचा. घराची रंगयोजना अशा रीतीने हातातून हातात जात असे.

या व्यवस्थेचे गुणगान करताना सावधगिरी बाळगली पाहिजे. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्याच्या घराचे जे निष्ठुर वर्णन केले आहे ते वाचल्यावर, सारवलेल्या नीटस घराचे चित्र सर्वांस लागू होते असे म्हणता येत नाही. चुन्याची भिंत सधनांस परवडे, पांढऱ्या मातीवर इतरांचे भागे. श्रमाचा सर्व भार स्त्रियांवर होता. एकसूत्रता होती, पण ती काही अंशी दारिद्र्याचीही एकसूत्रता होती.

४. भिंतीची किंमत : करडे, १८७४

या श्रमाला व्यवहारात किती मोल होते, हे दाखविणारा एक प्रसंग शिरूर तालुक्याच्या इतिहासातच नोंदलेला आहे. डिसेंबर १८७४ मध्ये करडे या गावी एका सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जबाजारी झालेल्या गृहस्थावर हुकूमनामा मिळविला, आणि वसुलीसाठी त्यांचे घर पाडून त्याचे सामान विकावयास काढले. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. शेजारच्या गावांनी त्याचे अनुकरण केले. पुढे मे १८७५ मध्ये तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि ‘दख्खनचे दंगे’ या नावाने तो प्रसिद्धीस आला. चौकशी आयोग नेमला गेला व १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

या घटनेचे आर्थिक विवेचन पुष्कळ झाले आहे. गृहेतिहासाच्या दृष्टीने तिच्यातील एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. घर पाडून पैसा उभा राहतो तो तुळया, खांब, चौकटी आणि कवाडे यांचा. मातीच्या भिंतीस बाजारात दर नसतो. वर्षानुवर्षे ज्या भिंतीवर घरातील बायकांनी हात फिरविला, जिच्यावर नाग आणि जिवती काढली, ती भिंत हिशेबात शून्य होती. करड्याचा उद्रेक हा कर्ज आणि अब्रू यांचा होता हे खरेच. परंतु घर मोडणे आणि वस्तू जप्त करणे यांत गावाने जो फरक मानला, त्यामागे भिंतीचे हे बाजाराबाहेरचे मोलही असावे, असे अनुमान अप्रस्तुत ठरू नये.

५. छावणी, प्लेग आणि लोहमार्ग

पांढऱ्या मातीबरोबर चुनाही या प्रदेशास जुना होता. जमिनीत सापडणारी चुनखडी भट्टीत भाजून चुना करण्याचा व्यवसाय लोणारी करीत. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या पुणे खंडांत जातवार व्यवसायांच्या वर्णनात त्यांची नोंद आहे. परंतु चुन्यास शासकीय रूप आले ते इंग्रजी अमदानीत.

१८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांसाठी ठेवलेल्या तैनाती फौजेचे शिरूर हे ठाणे झाले. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती येथूनच. लष्करी इमारतींना ठराविक मुदतीने चुना देणे हा शिस्तीचा भाग होता. येथे सणाची जागा नियमाने घेतली. या नियमाचे कठोर रूप पुणे शहरात १८९७ च्या प्लेगमध्ये दिसले. रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरांची झडती घेऊन बाधित घरे धुवून त्यांना चुना देण्याचे काम चालविले. देवघर आणि माजघर यांच्या भिंतींवर परक्याच्या हातचा कुंचा फिरला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली त्यामागील संतापाची कारणे अनेक होती, पण अंतर्गृहाचा भंग हे त्यांतील प्रमुख होते. दिवाळीपूर्वी स्वहस्ते दिलेला चुना आणि हुकमाने दिलेला चुना यांचा रंग एकच असतो. अर्थ मात्र निराळा होतो.

दौंडला हा पालट शांतपणे झाला. पुण्याहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू झाला. जंक्शनभोवती रेल्वेच्या चाळी व बंगले उभे राहिले. लग्न होऊन आलेल्या अनेक जोडप्यांचे पहिले स्वतंत्र बिऱ्हाड अशा क्वार्टरमध्ये थाटले गेले. तेथील भिंतीचा रंग हुद्द्यानुसार मिळालेल्या घराबरोबर येई. तो निवडण्याचा अधिकार राहणाऱ्यास नव्हता आणि तो देण्याचा श्रमही नव्हता. पहिले घर आणि भिंतीवरचा हात यांची फारकत प्रथम येथे झाली असे म्हणता येते. उंबरठ्यावरचे हळदकुंकू आणि दारापुढची रांगोळी एवढाच रंग गृहिणीच्या हाती राहिला.

६. डब्यातील रंग

रंगांचे कुळ प्रथम फोडले ते निळीने. फ्रान्समध्ये गिमे आणि जर्मनीत ग्मेलिन यांनी १८२८ च्या सुमारास कृत्रिम अल्ट्रामरीन तयार करण्याच्या रीती सिद्ध केल्या, आणि एके काळी रत्नाच्या मोलाने विकला जाणारा निळा रंग कपड्यांच्या निळीच्या रूपाने वाण्याच्या दुकानात आला. चुन्यात चिमूटभर नीळ घातली तर पिवळटपणा मरून भिंत अधिक पांढरी दिसते. मूठभर घातली तर आकाशी होते. मोरचूद घातल्यास हिरवट छटा येते. अशा रीतीने स्वयंपाकघर आकाशी आणि माजघर हिरवट करणे प्रथमच शक्य झाले. तरीही या सर्व छटांच्या मुळाशी चुनाच असल्यामुळे त्या फिकट व परस्परांशी मिळत्या राहिल्या.

दुसरा आणि निर्णायक टप्पा कारखान्यांचा. १९०२ मध्ये हावडा येथे शालिमार, १९२० मध्ये मुंबईत लोअर परळला गहागन, जी पुढे गुडलास नेरोलॅक झाली, आणि १९४२ मध्ये मुंबईतच एशियन पेंट्स, अशा कंपन्या निघाल्या. यांपैकी शेवटच्या कंपनीच्या वाढीचा एक धागा महाराष्ट्रातील शेतकऱ्याशी जोडलेला आहे. पोळ्यास बैलांची शिंगे रंगविण्यासाठी अगदी लहान डब्यांची मागणी असते हे ओळखून तिने लहान डबे खेड्यापाड्यांत पोहोचविले. तैलरंग शेतकऱ्याच्या दारात आला तो प्रथम बैलाच्या शिंगावर, भिंतीवर मागाहून. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला हातात कुंचला घेतलेला ‘गट्टू’ हा मुलगा या नव्या काळाचे चिन्ह झाला.

डिस्टेंपर, तैलरंग आणि पुढे इमल्शन यांनी भिंतीवरचा रंग टिकाऊ केला. त्याचबरोबर तो गवंडी किंवा रंगारी यांच्या हाती गेला, कारण हे काम पोतेऱ्याने होत नाही. मातीच्या भिंतीवर तैलरंग दिल्यास आतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि पोपडे सुटतात. म्हणून नवा रंग येताच मागोमाग सिमेंटचा गिलावा आणि अखेर सिमेंटचे घर आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानात रंग मिसळणारी यंत्रे आली आणि चार-पाच मातीच्या जागी हजाराहून अधिक छटांचे पुस्तक ग्राहकासमोर उघडले गेले. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे कामानिमित्त आलेली कुटुंबे याच पुस्तकातून आपल्या पहिल्या घराचा रंग शोधीत आली आहेत. शिशासारख्या विषारी द्रव्याबाबतची दक्षता मात्र उशिरा आली. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. चुना आणि गेरू यांच्या काळी हा प्रश्नच नव्हता.

७. निवडीचा भार

छटांची संख्या वाढल्याने जुळणी सुलभ होते असे नाही. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेतील रंगविभागाचा प्रमुख मिशेल शेव्रल याच्याकडे काळ्या रंगाच्या फिकेपणाविषयी तक्रार आली होती. शोधाअंती दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे असे त्यास आढळले. त्याचा समकालिक विरोधाचा नियम १८३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कोणताही रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासह दिसतो, हे त्याचे सार. छटापुस्तकातील प्रत्येक चौकोन मात्र पांढऱ्या कागदावर एकटा असतो. घरात तो दारातून दिसणाऱ्या पुढल्या खोलीच्या रंगाशेजारी येऊन बसतो. बैठकीस एक, मुलांच्या खोलीस दुसरा, स्वयंपाकघरास तिसरा, असे स्वतंत्रपणे निवडलेले सुंदर रंग एकत्र येताच घर विस्कळीत का दिसते, याचे उत्तर येथे मिळते.

जुन्या घरांनी हा प्रश्न ज्या रीतीने सोडविला होता तिची तत्त्वे आता वेगळी काढून दाखविता येतात. सर्व खोल्यांतून अखंड चालणारी एकच भूमी, हे पहिले. इतर रंग एका कुळातले आणि संख्येने थोडे, हे दुसरे. खाली गडद व वर उजळ, म्हणजे वापर आणि उजेड यांवरून ठरलेली जागा, हे तिसरे. ठळक रंग संपूर्ण भिंतीस न देता कोनाडा, चौकट, उंबरठा अशा कडांवर देणे, हे चौथे. यांतील एकही तत्त्व पांढऱ्या मातीवाचून अमलात येत नाही असे नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेतही ती लागू पडतात. फरक इतकाच की पूर्वी जे न ठरविता होत असे ते आता ठरवावे लागते.

मात्र रंगाची तत्त्वे परत आणता आली तरी भिंतीवर फिरणारा हात त्यांच्याबरोबर परत येत नाही. दरसालच्या सारवणातून सुटका होणे हा स्त्रियांचा लाभच होता आणि तो लहान मानण्याचे कारण नाही. परंतु त्या श्रमाबरोबर भिंतीविषयीचा निर्णयही घरातून दुकानात गेला, हेही नोंदविले पाहिजे. पहिल्या घराची रंगयोजना ठरविताना घरातील स्त्रीचे मत विचारले जाते की रंगारी व विक्रेता यांचे, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाचाही आहे.

शिरूर व दौंड तालुक्यांतील जी थोडी माळवदाची घरे उभी आहेत त्यांच्या भिंतींवर हा सर्व इतिहास थरांच्या रूपाने साठलेला आहे. वर इमल्शन, खाली डिस्टेंपर, त्याखाली निळीचा चुना, मग साधा चुना, आणि तळाशी पांढरी माती व गेरूचा पट्टा, असा क्रम हलक्या हाताने खरवडल्यास उलगडू शकतो. घर पाडले जाते तेव्हा करड्यास झाले तसेच आजही होते. लाकूड विकले जाते आणि भिंतीची माती ढिगाऱ्यात जाते. पूर्वी ती निदान पांढरीत मिसळून पुढल्या घरास उपयोगी पडे. सिमेंटच्या घरास तिची गरज नाही. पदव्युत्तर अभ्यासकांनी एकेका गावातील चार-दोन घरे निवडून हे थर, त्यांची उंची, खोली आणि ते देणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी यांची पद्धतशीर नोंद केली, तर गृहजीवनाच्या इतिहासाचे एक मोठे साधन हाती राहील. भिंती अजून उभ्या आहेत आणि त्यांवर हात फिरविलेल्या काही स्त्रियाही अजून आहेत. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.